वेंडेल सोरेन्सन घर ओढून आणतो

वेंडेल सोरेन्सन भित्रा होता असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल. भित्रा माणूस उगाचच भितो. वेंडेलच्या भीतीला आधार होता. आयडाहोतल्या लुइस्टन गावी एका विमा कंपनीच्या कचेरीत त्याने सारा जन्म अपघातांचे दावे तपासण्यात घालवला होता, आणि माणसाचं काय काय होऊ शकतं हे त्याला तपशीलवार ठाऊक होतं. दुसऱ्याला जिथे शिडी दिसे तिथे त्याला मोडलेलं कंबरडं दिसे. शेजाऱ्याने अंगणात मांस भाजायला शेगडी पेटवली की हा आपल्या घराच्या खिडक्या लावून घेई. निवृत्त झाल्यावर नवे दावे यायचे बंद झाले, तेव्हा तो जुनेच आठवून भिऊ लागला.

अशा माणसाने छत्तीस फुटी ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं अख्खं घर, विकत कसं घेतलं? तर त्याने ते घेतलंच नाही. मार्व्हाने घेतलं.

मार्व्हा म्हणजे त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने गावाच्या दोन पिढ्या पोसल्या, पण जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ओरेगनचा किनारा काही चंद्रावर नाही. गाडीने एक लांबलचक दिवस. पण दर वर्षी वेंडेलचं काहीतरी निघे. कधी बर्फ, कधी वणवा, कधी टायर.

"आणि यंदा काय?" तिने एकदा विचारलं होतं.

"लाटा," वेंडेल म्हणाला. "लाटांनी माणसं जातात, मार्व्हा. माझ्या हाताखालून फायली गेल्यात."

मार्चमध्ये शहरात ट्रेलरांचं प्रदर्शन भरलं. बघायला काय पैसे पडतात, म्हणून दोघं गेली. वेंडेल काडीला लावून तळलेलं सॉसेज खायला म्हणून दहा पावलं बाजूला गेला आणि परत येऊन बघतो तर मार्व्हा एका भल्यामोठ्या ट्रेलरात, आरामखुर्चीत, पाय लांब करून बसलेली. पायांतले बूट काढलेले. संसारात काही निर्णय चर्चेने होतात, काही भांडून होतात, आणि काही बूट काढून होतात. शेवटच्या प्रकाराला अपील नसतं.

"वेंडेल, आत शेकोटी आहे," ती म्हणाली.

"चाकांवर शेकोटी?" वेंडेलचा आवाज चिरकला.

"विजेची आहे रे."

"विजेची!" ही बातमी त्याला जास्तच वाईट वाटली.

"हे बघ," मार्व्हा शांतपणे म्हणाली, "यंदा मला साठ वर्षं पुरी होताहेत. सप्टेंबरात मी समुद्र बघणार. तू येणार असशील तर ट्रक तू चालव. नाहीतर मी चालवते."

मार्व्हा गाडी कशी चालवते हे वेंडेलला माहीत होतं. त्याने सही केली.

आता हा ट्रेलर साधासुधा नव्हता. साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला बांधतात आणि तो गरीब गाईसारखा मागून येतो. याला म्हणतात पाचव्या चाकाचा ट्रेलर. याची पुढची बाजू सरळ ट्रकच्या पाठीवर चढून, जावई पाटावर बसावा तशी ऐसपैस बसते. पाचवं चाक कुठे असतं ते वेंडेलने खाली वाकून, चारी बाजूंनी फिरून शोधलं. ते मिळालं नाही. त्या नावाचा लोखंडी जोड असतो म्हणे, तो ट्रकच्या पाठीत बसवून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी ट्रक घ्यावा लागतो. तोही घेतला. ट्रेलर कारखान्यातून ऑगस्टमध्ये येणार होता. म्हणजे भ्यायला मधले पाच महिने मोकळे होते, आणि ते वाया जाऊ नयेत याची काळजी शेजारच्या लायल टिबेट्सने घेतली.

लायल कागद कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याने स्वतः गवत कापायच्या यंत्रापलीकडे काहीही ओढलं नव्हतं. पण त्याला एक मेव्हणा होता. आणि त्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलं नाही असं या पृथ्वीवर काही उरलं नव्हतं.

"जोडाची पकड नीट बसली का, ते बघत जा हं," लायल कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने नाही बघितली. निघाला तसाच. ट्रक पुढे आणि ट्रेलर धाडकन खाली! ट्रकच्या दोन्ही बाजू अशा चेपल्या, बिअरचा डबा चेपावा तशा."

"मग?" वेंडेलने विचारलं.

"मग काय? बहीण आमच्याकडे राहायला आली. ती ईस्टरपर्यंत."

दुसऱ्या दिवशी लायलने वळणांचा विषय काढला. ट्रक वळतो तिथे ट्रेलर वळत नाही, तो आतून कापतो. मेव्हण्याने अशाच एका वळणावर पेट्रोल पंपाचा फलक घरापर्यंत आणला होता. तिसऱ्या दिवशी टायर. चौथ्या दिवशी वारा. आणि एका संध्याकाळी लायल नुसताच उत्तरेकडच्या डोंगराकडे बघत म्हणाला, "आणि घाट..."

"घाटाचं काय?"

लायलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही नाही. तू नेशील रे व्यवस्थित."

मेव्हण्याच्या सगळ्या गोष्टींनी मिळून जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. वेंडेलची झोप उडाली. कारण लुइस्टन आहे दोन नद्यांच्या संगमावर, खोल दरीत. ट्रेलरचं दुकान होतं वर, गव्हाच्या पठारावर. आणि दोहोंच्या मध्ये घाट. ट्रेलर ताब्यात घ्यायला चढून जायचं आणि तो घेऊन उतरायचं, असा एकूण मामला.

ऑगस्टात दुकानाचा फोन आला. किप नावाच्या गुबगुबीत विक्रेत्याने दोघांना ट्रेलरभर फिरवून बटणं दाखवली. हे दिव्याचं, हे पाण्याचं, हे भिंत बाहेर सरकवायचं. "भिंत बाहेर?" वेंडेलने विचारलं. मुक्कामाला बैठकीची खोली मोठी करायची तर अख्खी भिंत सोफ्यासकट बाहेर सरकते. भिंतीने जागच्या जागी राहावं एवढीच वेंडेलची तिच्याकडून आजवर अपेक्षा होती, पण तो मान हलवत राहिला.

"आणि या तीन टाक्या," किप म्हणाला. "स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची, आणि ही काळी."

"काळीत काय असतं?"

किपने कुणाच्या तरी निधनाची वार्ता सांगावी तसा आवाज खाली आणून 'संडास' एवढंच सांगितलं.

"आणि ती रिकामी कोण करतं?"

"आपणच, सोरेन्सनसाहेब." किपने आदराने मान लववली. "सगळं समजलं ना?"

वेंडेलला पहिल्या बटणानंतरचं काहीही समजलं नव्हतं. पण आजूबाजूला दुसरी गिऱ्हाइकं होती. "हो, हो. तसं सोपंच आहे," तो म्हणाला.

पकड बसली आहे का, हे मात्र त्याने स्वतः वाकून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग ट्रकमध्ये बसला, आणि उतरून पुन्हा पाहिलं. शेवटी किपने विचारलं, "साहेब, काही पडलंय का?"

निघाले. पठारावर गव्हाची कापणी ऐन भरात होती. सोनेरी टेकड्यांवर धुळीचे लोट, मधून रस्ता, आणि रस्त्यावर वेंडेल, दोन्ही हातांनी चाक असं धरून, की ते सोडलं तर पळून जाईल. आरशात मागे गाड्यांची शेपूट लांबत चालली होती. कुणीतरी भोंगा वाजवला.

"बाजूला घे आणि जाऊ दे त्यांना," मार्व्हा म्हणाली.

उजव्या हाताला एक ऐसपैस आवार दिसलं. मोठमोठी वाहनं तिथे वळत होती, तीही वळला. वळण लांबून घेतलं, काही कापलं नाही, कुणाचा फलक बरोबर आला नाही. त्याने सुस्कारा सोडला. मग त्याच्या लक्षात आलं, की पुढे गव्हाने भरलेला ट्रक आहे, मागे गव्हाने भरलेला ट्रक आहे, आणि आपण धान्याच्या कोठाराच्या वजनकाट्याच्या रांगेत उभे आहोत.

"मागे घे ना," मार्व्हा म्हणाली.

"मागे घ्यायचं किपने शिकवलं नाही."

रांग सरकली. वेंडेलही सरकला. काट्याच्या खिडकीत एक बाई सूर्यफुलाच्या बिया चघळत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गहू, मसूर की काबुली चणे?"

"अं?"

"माल काय आहे?"

वेंडेल प्रामाणिक माणूस. "दोन आरामखुर्च्या आणि एक शेकोटी," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली. पण तेवढ्यात धान्याचा नमुना काढणारी लांब पोलादी नळी सवयीने वरून खाली येऊ लागली होती आणि नव्याकोऱ्या छतापासून वीतभर अंतरावर येऊन घुटमळत होती. मार्व्हाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि शाळेच्या भोजनगृहात तीनशे पोरं गप्प करणारा आवाज लावला, "खबरदार! खाली माझा पलंग आहे!"

नळी जागच्या जागी थांबली. कोठारातले गडी हसायला लागले. मागच्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. "काय काका, यंदा पीक चांगलं फुगलंय की!"

"अहो, मग रांगेत कशाला शिरलात?" काट्यावरच्या बाईंनी विचारलं.

"इतरांना जाऊ द्यायला," वेंडेल म्हणाला. हे त्याला स्वतःलाच पटलं नाही.

त्यांनी पलीकडची बाहेर पडायची वाट दाखवली. पण तोवर काट्याने आपलं काम केलं होतं. वर लाल आकड्यांत ट्रक, ट्रेलर, मार्व्हा आणि वेंडेल यांचं एकत्रित वजन झळकलं आणि ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. वेंडेलने तो आकडा वाचला. आपल्या पाठीशी काय आहे हे माणसाला ढोबळ माहीत असावं. नेमकं कळू नये.

मार्व्हाने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

"यात हसण्यासारखं काही नाही," वेंडेल म्हणाला.

"कुठे हसतेय?" ती म्हणाली आणि पुढचे चार मैल हसली.

मग पठार संपलं आणि समोरची जमीनच नाहीशी झाली. खाली, फार खाली, दोन नद्या, पूल, खेळण्यातलं गाव. घाट सुरू झाला. 'उतार तीव्र आहे', 'खालचा गिअर टाका', 'ब्रेक तपासा' अशा पाट्या एकामागून एक येऊ लागल्या. सरकार पाट्या लावतं ते सावध करायला, पण वेंडेलला प्रत्येक पाटी नाव घेऊन हाक मारल्यासारखी वाटे. त्याने खालचा गिअर टाकला. लाल आकड्यांतलं वजन त्याला मानेवर जाणवत होतं.

"मार्व्हा, वास येतोय."

"कागद कारखान्याचा आहे."

"जळका आहे."

"वेंडेल, आपलं लग्न झाल्यापासून आपण हा वास घेतोय. करपलेल्या कोबीसारखा येतो."

"हा कोबी ब्रेकचा आहे!"

आणि पुढल्या वळणावर ती दिसली. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी घाटात बाजूला एक वाट काढलेली असते. चढाची, आणि सुट्या गोल खडीने खोल भरलेली. सुसाट सुटलेला ट्रक तिच्यात शिरला की खडीत रुततो आणि माणसं वाचतात. आजवर तिथे जे शिरले ते देवाचा धावा करत, भोंगे वाजवत शिरले होते. वेंडेल आरशात बघून, वळायचा दिवा लावून शिरला.

खर्रर्र असा आवाज झाला, ट्रक गुडघाभर खाली बसला, आणि सगळं शांत झालं.

"वेंडेल," जरा वेळाने मार्व्हा म्हणाली, "आपण कुठे आलो?"

"सुरक्षित जागी," वेंडेल म्हणाला.

थोड्याच वेळात महामार्ग पोलिसाची गाडी आली. उंच, मिशाळ, सभ्य माणूस होता. "ब्रेक गेले का, साहेब?"

"नाही."

"तब्येत बिघडली?"

"बरी आहे."

"मग?"

"जातील असं वाटलं," वेंडेल म्हणाला.

पोलिसाने टोपी काढली, तिच्या आत बघितलं, परत घातली. मग तो आवाज न चढवता म्हणाला, "आणि आता वरून खरोखर ब्रेक गेलेला ट्रक आला, तर त्याने कुठे जायचं?"

इतकी वर्षं भीतीचा अभ्यास करून एवढी एक भीती त्याच्या नजरेतून निसटली होती, आणि खरी तीच होती. यात त्याचा मान गेला ते वेगळंच; पण आता जो कुणी वरून येईल त्याची वाट त्याने अडवली होती, आणि तीही शेकोटीने.

पोलिसाने रस्त्यावर लाल मशाली पेटवल्या, वर निरोप पाठवले, ओढून काढणारी गाडी बोलावली आणि दोघांना कडेच्या डोंगरउतारावर उंच जाऊन बसायला सांगितलं. दोघं वाळलेल्या गवतात बसली. मार्व्हाने शिदोरी उघडली. वेंडेलला घास जाईना. घाटाच्या वळणावरून ट्रक प्रकट झाला की हा मुठी आवळी. ट्रक निघून गेला की सोडी.

"तो पांढरा फार जोरात आहे," तो म्हणायचा.

"तो दूधवाला आहे. खा."

खालच्या रस्त्यावरून गावाकडे जाणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघत होत्या. त्यांत एक ओळखीची होती. लायल टिबेट्सने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आ वासला आणि ओरडला, "वेंडेल! अरे, इथे तर माझा मेव्हणासुद्धा कधी आला नव्हता!" त्याच्या आवाजात खराखुरा आदर होता.

तेवढ्यात वळणावरून लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला. भोंगा वाजतोय, चाकांपाशी धुरासारखं काहीतरी. वेंडेल उठला. मार्व्हाला वाटलं, आता हा वर डोंगराकडे पळणार. तो खाली पळाला. मार्व्हाचा पिवळा स्वेटर डोक्यावर गरगर फिरवत, गवतातून घसरत, थेट रस्त्याकडे, "इथे नको! वाट बंद आहे! पुढे जा, पुढे जा!" असं बेंबीच्या देठापासून ओरडत. पोलिसाने त्याला कमरेला धरून थांबवलं. ट्रक सावकाश शेजारून गेला. धूर नव्हता, कडेची धूळ होती. चालकाने पुन्हा भोंगा वाजवला आणि हात हलवला. खडीत रुतलेला ट्रेलर पाहून त्याला मजा वाटली होती, एवढंच.

वेंडेल परत वर आला आणि मटकन बसला.

"पळालास," मार्व्हा म्हणाली.

"हो."

"खाली."

वेंडेलने जरा विचार केला. "हो की," तो म्हणाला.

मार्व्हाने शिदोरीतली एकच उरलेली आंबवलेली काकडी त्याच्या हातावर ठेवली. स्वतःची काकडी तिने लग्नानंतर कधी कुणाला दिली नव्हती.

ओढगाडी आली, साखळ्या लागल्या, खडी करकरली आणि ट्रेलर पुन्हा रस्त्यावर आला. एक ओरखडा नाही.

"खाली कोण नेणार?" पोलिसाने विचारलं. "हवं तर ओढगाडीवाला नेईल."

मार्व्हाने किल्लीसाठी हात पुढे केला.

"नको," वेंडेल म्हणाला. "मी नेतो."

"आता भीती नाही वाटत?" मार्व्हाने विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर हळू नेतो."

इतका हळू नेला, की पुढे पोलिसाचा लाल-निळा दिवा, मध्ये ट्रेलर आणि मागे मैलभर गाड्यांची रांग, अशी वरात गावात शिरली. लोक दारांत येऊन उभे राहिले.

आपल्या गल्लीत ट्रेलर मागे घेताना लायलने हातवारे केले. त्याच्या डाव्या हाताचा अर्थ त्याची डावी की वेंडेलची, हा प्रश्न लायलचीच टपालपेटी आडवी झाल्यावर निकालात निघाला. पण खरी अडचण पुढे आली. वसाहतीच्या समितीच्या विल्मा ओस्टरगार्डबाई दुसऱ्याच दिवशी पाठीमागे हात बांधून हजर.

"घरासमोर ट्रेलर उभा करायला मनाई आहे, वेंडेल. नियम तूच मंजूर केलास. आग लागेल म्हणाला होतास."

"पण सामान भरायला तर मुभा आहे ना?"

"सामान भरणं चालू असेल तोवरच."

तेव्हापासून वेंडेल सामान भरू लागला. एक उशी. बाई खिडकीत दिसल्या की उशी आत जाई, बाई जेवायला बसल्या की बाहेर येई. अख्खी गल्ली ती उशी ओळखू लागली. मधल्या वेळात त्याने भिंत सरकवायचं बटण दाबून पाहिलं. भिंत सोफ्यासकट बाहेर आली आणि लायलच्या चेरीच्या झाडात शिरली. पाणी भरलं तर ते शेकोटीच्या खालून आलं. काय गळायचं, काय अडकायचं, काय फुटायचं ते सगळं दारातच होऊन गेलं. वेंडेल रोज रात्री बायकोला म्हणे, "अजून तयार नाही आपण." ती म्हणे, "नाहीच आहोत." आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी ती ट्रकमध्ये जाऊन बसली.

प्रवासाबद्दल काय सांगायचं? पोचले. वाटेत काळ्या टाकीचा प्रसंग एकदा आला. तो चारचौघांत सांगण्याजोगा नाही. वेंडेलचे ते बूट ओरेगनातच राहिले.

किनाऱ्यावर ट्रेलरांच्या तळापासून वाळूच्या टेकाडावर एक पायवाट जात होती. मार्व्हा पुढे, जवळजवळ पळत. टेकाडाच्या माथ्यावर ती थबकली, एकदम, भिंतीवर आपटल्यासारखी. वेंडेल मागून धापा टाकत आला. तिने न बघताच त्याची बाही घट्ट पकडली.

"वेंडेल," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "हा केवढा आहे रे."

"हो."

"आणि थांबतच नाही. टीव्हीवर मावत होता." तिचे ओठ पांढरे पडले होते. "पाहिला. आता जाऊ या परत."

वेंडेलने बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर न दिसलेली ही गोष्ट त्याच्या चांगली ओळखीची होती. भीतीला तो आतून-बाहेरून जाणत होता. समुद्राची भीती त्यालाही होती, फायलींसकट होती. पण आता त्या फायलींचा उपयोग होता.

"इकडे बघ," तो म्हणाला. "गुडघ्याच्या वर जायचं नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही. माझा हात सोडायचा नाही."

"आणि भीती?"

"ती असू दे. तिला घेऊनच जायचं. मी नेहमी तसाच जातो."

दोघं हातात हात घालून खाली उतरली. पाणी बर्फासारखं होतं. पहिली लाट घोट्याला लागली, दुसरी पोटऱ्यांना, आणि तिसरीने कुठलाही नियम न पाळता दोघांना कमरेपर्यंत भिजवलं. किनाऱ्यावर अशी किंकाळी उठली की तळावरच्या ट्रेलरांची दारं फटाफट उघडली आणि एक गृहस्थ दोरी घेऊन धावत आले.

"काय झालं? बाई ठीक आहेत ना?"

मार्व्हा पाण्यात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. वेंडेलचे दात वाजत होते, पण मान ताठ होती आणि तिचा हात त्याने सोडला नव्हता.

"त्या अगदी ठीक आहेत," तो म्हणाला. "ओरडत होतो तो मी."